आईझाडाला भुरी लागली? आधी कात्री खाली ठेवा

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून बिगोनियाची रोपं दिली. प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या देऊन-घेऊन सगळ्याच कंटाळलो होतो, त्यामुळे कौतुकही भरपूर झालं. फेब्रुवारी उजाडला आणि फोन सुरू झाले. पहिला जाऊबाईंचा. "अगं, तुझ्या रोपावर कुणीतरी पीठ भुरभुरल्यासारखं दिसतंय." दुसरा वरच्या मजल्यावरच्या काकूंचा. त्यांच्याकडे आधीपासून असलेल्या बिगोनियालाही ते पीठ लागलं होतं.

चूक माझीच होती. नोव्हेंबरात फांद्या छाटताना आईझाडाच्या दोन जुन्या पानांवर पांढरे ठिपके दिसले होते. टाकीच्या पाण्याचे क्षार असतील असं समजून मी ते ओल्या फडक्याने पुसले आणि त्याच झाडाच्या पंचवीस फांद्या कापून लावल्या. म्हणजे वाण म्हणून मी पंचवीस घरांत भुरी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी आणणारी बुरशी, वाटली.

ज्या झाडाच्या फांद्या काढून आपण नवी रोपं करतो, त्याला मी आईझाड म्हणते. नर्सरीवाले मदर प्लांट म्हणतात. साध्या कुंडीला भुरी लागली तर एक कुंडी खराब होते. आईझाडाला लागली तर पुढच्या प्रत्येक रोपाबरोबर ती प्रवास करते. म्हणून इथे उपचाराइतकंच, कधी कापायचं नाही, हे महत्त्वाचं आहे. पुण्यातल्या बंद केलेल्या बाल्कनीत, दोन मांडण्या आणि एका ट्यूबलाइटच्या जोरावर मी जे शिकले ते क्रमाने सांगते.

आधी हे सामान जमवा

- भिंग (१० पट मोठं दाखवणारं, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं)
- दोन फवारा बाटल्या, दोन्हींवर नाव लिहिलेलं
- खाण्याचा सोडा, किंवा मिळालं तर पोटॅशियम बायकार्बोनेट
- भांडी घासायचा साधा लिक्विड साबण
- छोटी धारदार कात्री आणि ती पुसायला सर्जिकल स्पिरिट
- कचऱ्याच्या पिशव्या, जुनी मऊ फडकी
- लहान टेबलफॅन किंवा यूएसबीवर चालणारा पंखा
- आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र (नसलं तरी चालेल, पण असलं की डोळे उघडतात)
- मास्क आणि हातमोजे, गंधक वापरणार असाल तर
- वही. हसू नका, तारीख लिहिली नाही तर फवारणी कधी केली ते आठवत नाही.

१. भुरीच आहे ना, याची खात्री करा

पानावर पांढरं दिसलं की ते बहुधा चार गोष्टींपैकी एक असतं.

क्षाराचे डाग पाणी पडून सुकलेल्या जागी, कडा असलेले आणि खरखरीत असतात. व्हिनेगरच्या थेंबाने विरघळतात आणि पुन्हा पाणी शिंपडेपर्यंत येत नाहीत. पिठ्या ढेकूण कापसासारखा, देठाच्या बेचक्यात आणि पानाच्या मागच्या शिरेवर बसतो. काडीने टोचलं तर आत गुलाबी-पिवळसर ओला किडा चिरडतो आणि आजूबाजूचं पान चिकट लागतं. तिसरा केवडा नावाचा रोग. त्यात पानाच्या वरच्या बाजूला पिवळे डाग आणि खालच्या बाजूला करड्या-पांढऱ्या बुरशीची लव असते. भुरी मात्र बहुतेक वेळा पानाच्या वरच्या बाजूला, गोल ठिपक्यांनी सुरू होते. टाल्कम पावडर सांडावी तसे हे ठिपके वाढत जाऊन एकमेकांत मिसळतात.

भिंगातून पाहिलं की शंका उरत नाही. पानावर कोळिष्टकासारखं जाळं आणि त्यातून उभ्या राहिलेल्या बारीक मण्यांच्या माळा दिसतात. त्या माळा म्हणजे बीजाणू, बुरशीचं बीच. बोटाने पुसा, पांढरं निघून जाईल. दोन-तीन दिवसांनी त्याच जागी परत आलं, तर भुरी. मी इथेच फसले. पुसल्यावर गेलं म्हणजे संपलं असं मला वाटलं होतं.

पुसून ती का जात नाही? ही बुरशी राहते पानाच्या पृष्ठभागावर, पण खाण्यासाठी पानाच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये बारीक शोषक नळ्या घालते. बांडगुळासारखं समजा. वरचा पसारा ओढून काढला तरी आत रुतलेला भाग राहतोच. बांडगुळासारखीच तिलाही जिवंत झाड लागतं. मेलेल्या काडीकचऱ्यावर ती पोसली जात नाही. यातून एक सोयीची गोष्ट निघते, ती चौथ्या पायरीत सांगते.

घरात कटिंगसाठी ठेवलेल्या कोणत्या झाडांवर ती येते? बिगोनिया पहिल्या नंबरावर. मग कलांचो, जेड, आफ्रिकन व्हायोलेट, शेवंती, मिनी गुलाब, हायड्रेंजिया, रोझमेरी आणि पुदिना. जेड आणि कलांचोवर पांढरेपणा फारसा लक्षात येत नाही, पण नंतर तपकिरी खरबरीत खपल्या राहतात आणि लोक त्याला उन्हाचा चटका समजतात. मनीप्लांटवर सहसा येत नाही, तेव्हा त्याच्यावरचं पांढरं आधी धूळ किंवा पिठ्या ढेकूण म्हणून तपासा.

एक दिलासा. भुरी हे एकाच बुरशीचं नाव नाही. गुलाबाची वेगळी, शेवंतीची वेगळी, द्राक्षाची वेगळी, आणि बहुतेक जणी आपापल्या यजमान कुळाला धरून असतात. गुलाबावर भुरी आली म्हणून शेजारचं जेड लगेच धोक्यात येत नाही. दोन बिगोनिया शेजारी असतील तर मात्र दुसरा गेलाच म्हणून समजा.

२. कात्री खाली, कुंडी बाजूला

त्या झाडाच्या फांद्या काढणं त्याच दिवशी थांबवा. "वरचा शेंडा तर स्वच्छ दिसतोय" हा मोह सगळ्यात वाईट. बीजाणू पानावर पडल्यापासून त्या जागी नवे बीजाणू तयार व्हायला साधारण ५ ते ७ दिवस लागतात. त्यातले पहिले काही दिवस डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणजे आज स्वच्छ दिसणाऱ्या शेंड्याचा पुरावा चार दिवसांपूर्वीचा असतो.

कुंडी उचलायच्या आधी पंखा बंद करा आणि झाडावर मोठी कचऱ्याची पिशवी अलगद, उलटी घाला. नुसती कुंडी उचलून बाल्कनीभर फिरवली तर हलणाऱ्या प्रत्येक पानावरून बीजाणू उडतात. ते वाऱ्यावरच पसरतात, पाण्याच्या शिंतोड्यांची त्यांना गरज नसते. दुसऱ्या खोलीत, खिडकीजवळ, तिच्या कुळातलं दुसरं झाड नसेल अशा जागी ठेवा. रोजचं पाणी देताना आधी निरोगी झाडं, सगळ्यात शेवटी आजारी. उलट्या क्रमाने गेलात तर तुमची बाहीच वाहक होते.

३. ठेवायचं की टाकायचं

झाड सहज मिळणारं असेल आणि एक तृतीयांशापेक्षा जास्त पानं पांढरी असतील, किंवा कोवळे शेंडे वाकडे-आखडलेले आले असतील, तर टाकून द्या. पिशवीत बांधून, थेट कचऱ्यात. दोनशे रुपयांच्या कलांचोसाठी दीड महिना फवारणी करण्यात अर्थ नाही आणि तेवढा काळ बाकीची झाडं टांगणीला लागतात.

झाड दुर्मिळ असेल, कुणाची आठवण असेल, तर वाचवा. माझ्याकडे माझ्या आईने लावलेल्या केन बिगोनियाची एकुलती एक कुंडी होती, ती टाकण्याचा प्रश्नच नव्हता.

अगदीच झाड जातंय असं वाटलं तरच शेवटचा उपाय म्हणून एक-दोन फांद्या काढाव्यात. सगळ्यात वरचा, डाग नसलेला तुकडा घ्या, शेंड्याची दोन पानं सोडून बाकीची काढा, वाहत्या पाण्याखाली पानं दोन्ही बाजूंनी बोटाने चोळून धुवा आणि फक्त पानांचा भाग पाचव्या पायरीतल्या सोड्याच्या पाण्यात बुडवून काढा. कापलेलं टोक त्यात बुडवू नका. ही फांदी वेगळ्या ग्लासात, वेगळ्या खोलीत, वर "संशयित" अशी चिठ्ठी लावून ठेवा. ही तुमची राखीव प्रत, कुणाला द्यायची नाही.

४. पानं काढा, पण झाड सोलू नका

निम्म्याहून अधिक पांढरी झालेली पानं देठासकट कापा. कापण्याआधी पानावर साध्या पाण्याचा हलका फवारा मारा, म्हणजे भुकटी उडत नाही. कापलेलं पान थेट पिशवीत, जमिनीवर नाही. एका वेळी एकूण पानांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका, नाहीतर झाडाकडे नवी पालवी फोडायला बळ उरत नाही. उरलेल्या ठिपकेवाल्या पानांना ओल्या फडक्याने टिपा. प्रत्येक पानाला फडक्याची नवी बाजू. आफ्रिकन व्हायोलेटच्या लवदार पानांना फडकं लावू नका, ती सरळ काढून टाका.

कात्री स्पिरिटने पुसायचीच, पण खरं सांगायचं तर भुरी पसरवण्यात कात्रीचा वाटा लहान आहे, हवेचा मोठा. पुसायची ती मुख्यतः इतर रोगांसाठी, कारण विषाणू आणि जिवाणू कात्रीवरूनही जातात.

आता ती सोयीची गोष्ट. माती बदलायची गरज नाही! भुरी मातीत राहून मुळांवाटे वर येत नाही. बिगोनियाची मुळं आधीच नाजूक, त्यात आजारपणात कुंडी बदलली तर झाड भुरीने नाही, तुमच्या काळजीने मरतं. कुंडीत पडलेली पानं मात्र रोज उचला.

५. फवारणी

या पायरीवर जो तो आपला रामबाण सांगतो. मी वापरलेले चार आणि त्यांचं माझं मत असं.

*सोडा.* १ लिटर पाण्यात १ सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा लिक्विड साबण. साबणाशिवाय पाणी पानावरून घरंगळून जातं. सोड्यामुळे पानाचा पृष्ठभाग अल्कधर्मी होतो आणि बुरशीला तो मानवत नाही. इथे तीन खड्डे आहेत. एक, खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा वेगळे. धुण्याचा सोडा घातलात तर पानं भाजतील. दोन, बेकिंग पावडर म्हणजे सोडा नव्हे, तिच्यात आम्ल आणि पीठ असतं. तीन, सोड्यातलं सोडियम कुंडीत साठत गेलं तर मुळांना त्रास होतो, म्हणून फवारताना मातीवर प्लास्टिकचा तुकडा झाका. हा तिसरा त्रास टाळायचा तर पोटॅशियम बायकार्बोनेट चांगलं, प्रमाण ३ ते ५ ग्रॅम लिटरला. त्यातलं पोटॅशियम उलट झाडाला उपयोगी पडतं. द्राक्ष बागायतदारांना हे नाव ओळखीचं आहे, त्यामुळे नाशिक-सांगलीकडे शेतीच्या दुकानात विचारायला लाजू नका.

*दूध.* एक भाग दूध, नऊ भाग पाणी. ही आजीबाईची गंमत वाटते, पण १९९९ मध्ये ब्राझीलमधल्या वाग्नर बेतिओल यांनी काचघरातल्या झुकिनीच्या भुरीवर पातळ केलेलं गाईचं दूध फवारून प्रयोग प्रसिद्ध केले आणि परिणाम चांगले आले होते. माझ्या बंद बाल्कनीत मात्र दुधाने भुरी थोडी कमी झाली आणि वास खूप वाढला. शिवाय पानांवर साय सुकल्यासारखे डाग राहिले. बाहेरच्या कुंड्यांना वापरा, दिवाणखान्यात नको.

*कडुनिंबाचं तेल.* कोमट पाण्यात आधी साबण, मग ५ मिलि तेल, चांगलं हलवून १ लिटर. संध्याकाळी फवारा. थंडीत तेल गोठतं, तेव्हा बाटली गरम पाण्यात ठेवून पातळ करून घ्या. लवदार पानांवर आणि जेडसारख्या मेणचट पानांवर वापरू नका, पानांची झळाळी जाते ती परत येत नाही.

*गंधक.* भुरीवरचा सगळ्यात जुना खात्रीचा उपाय. १८४५ मध्ये इंग्लंडमधल्या मार्गेट गावी टकर नावाच्या माळ्याला उबदार काचघरातल्या द्राक्षवेलीवर ही पांढरी बुरशी प्रथम दिसली आणि त्याने गंधक-चुन्याचं मिश्रण वापरून ती आटोक्यात आणली. पुढे काही वर्षांत तिने फ्रान्सचे द्राक्षमळे झोडपले, तेव्हाही गंधकच कामी आलं. म्हणजे द्राक्षाच्या भुरीची नोंद सुरू होते तीही बंद खोलीतल्या झाडापासूनच! आज पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक कृषी सेवा केंद्रात मिळतं. तिथे "पांढरा फंगस" म्हणू नका, "भुरी" म्हणा, दुकानदाराला एका शब्दात कळतं. प्रमाण २ ग्रॅम लिटरला. कुंडी घराबाहेर किंवा गच्चीवर नेऊन, मास्क लावून फवारा आणि पान सुकल्यावरच आत आणा. पारा ३२ अंशांच्या वर असताना गंधक पान जाळतं. तेल फवारलं असेल तर आधी किंवा नंतर निदान दोन आठवडे गंधक नको, दोन्ही एकत्र आले की पानं करपतात.

पॉलिहाऊसवाले रात्री गंधकाची वाफ सोडतात, ते पाहून कुणी घरात गंधक तापवू किंवा जाळू नका. जळालेल्या गंधकाचा वायू फुप्फुसांना घातक असतो. दुकानदार हौसेने एखादं आंतरप्रवाही (झाडाच्या आत भिनणारं) बुरशीनाशकही हातात ठेवेल. ते शेतासाठी आहे, लेबलावर पिकांची नावं लिहिलेली असतात. लहान मूल आणि मांजर असलेल्या फ्लॅटमध्ये ते मी आणत नाही. पुदिना, रोझमेरी असं खायचं झाड असेल तर फक्त सोडा किंवा दूध, आणि पानं धुऊन घ्यायची. सगळ्यात उत्तम म्हणजे पुदिना तळापासून कापून टाकायचा, स्वच्छ फुटवा चार आठवड्यांत येतो.

हळद, दालचिनी, राख यांबद्दल नेहमी विचारणा होते. राख भुरभुरल्यावर पांढरं काय राखेचं आणि काय भुरीचं, हेच कळेनासं होतं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करणाऱ्यांना एवढंच सांगेन की फेस छान येतो आणि दोघांचाही उपयोग संपतो.

आता पद्धत. कोणतंही द्रावण आधी दोनच पानांवर मारा आणि ४८ तास थांबा. पान काळवंडलं नाही तर पूर्ण झाडावर, पानाच्या दोन्ही बाजूंनी, थेंब ओघळायला लागेपर्यंत. सकाळी लवकर फवारा म्हणजे दुपारपर्यंत सुकेल. तेल तेवढं संध्याकाळी. थेट ऊन नको. दर ७ दिवसांनी, ओळीने ४ वेळा. आठवड्याचं हे अंतर बीजाणूंच्या चक्राला धरून आहे. दहा-बारा दिवसांचं अंतर ठेवलंत की मधल्या दिवसांत नवी पिढी उडून जाते आणि तुम्ही पुन्हा पहिल्या दिवशी. एका वेळी एकच औषध. ताजं बनवा, उरलेलं ठेवू नका.

जुने डाग जाणार नाहीत. ज्या जागी बुरशी मेली तिथे करडा-तपकिरी ठसा राहतो. लोक तो पाहून "उतार नाही" म्हणतात आणि औषध दुप्पट कडक करतात. बघायचं ते नव्या पालवीकडे.

६. हवा, उजेड आणि पाणी

फवारणीने आजची भुरी जाते. उद्याची अडवायची तर बाल्कनी बदलावी लागते, आणि मला वाटतं सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

भुरीला साधारण २० ते २७ अंश तापमान, दमट रात्र, कमी उजेड आणि स्तब्ध हवा आवडते. बाकीच्या बऱ्याच बुरशींना रुजायला पानावर पाणी लागतं, हिला लागत नाही. उलट पाण्यात तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. म्हणून "मी तर पानांवर पाणीच टाकत नाही, मग भुरी कशी" या प्रश्नाला अर्थ नाही. पुण्याची डिसेंबर-जानेवारी म्हणजे तिची चंगळ. दिवसा ऊब, रात्री गारठा, आणि गारठ्याला घाबरून आपण सरकत्या काचा लावून घेतो. आत दोरीवर कपडे वाळत घातलेले. माझ्या बाल्कनीतलं यंत्र रात्री ८० टक्के आर्द्रता दाखवत होतं. कपडे हलवले, एक काच चार बोटं उघडी ठेवली आणि आकडा ६०-६५ वर आला.

पंखा छोटाच हवा. पानं फडफडता कामा नयेत, नुसती थरथरली पाहिजेत. भिंतीकडे तोंड करून लावा म्हणजे वारा परतून येतो. दिवसा काही तास आणि पहाटेच्या दमट वेळेत नक्की. फक्त आजारी कुंडी खोलीत असताना पंखा तिच्या अंगावरून निरोगी झाडांकडे वाहू देऊ नका, ते बीजाणू पेरण्याचं यंत्र होईल.

कुंड्यांत अंतर इतकं ठेवा की एकाचं पान दुसऱ्याला लागणार नाही. हे सांगणं सोपं, पाळणं अवघड, हे मान्य. मी मांडणीवरच्या अकरा कुंड्यांच्या सात केल्या आणि चार वाटून टाकल्या (तपासून!). पाणी सकाळी, मातीत. खत हलकं. शेंगपेंड किंवा युरियासारखं नत्राचं खत जास्त झालं की लुसलुशीत पानं येतात आणि भुरीला तीच आवडतात. आईझाडाला आपण जास्त फांद्यांच्या लोभाने जास्त खत घालतो, तिथेच मेख आहे.

एप्रिल-मे आला की भुरी आपोआप मागे हटते, कारण ३२-३५ अंशांच्या पुढे तिची वाढ मंदावते. त्या वेळी तुम्ही जे काही फवारत असाल त्याला श्रेय मिळतं. अनेक रामबाण उपायांचा जन्म असा मे महिन्यात झाला आहे.

कधी पानांवर फिकट पिवळ्या पाठीचा, ठिपके नसलेला, डोक्यामागे दोन काळे टिकले असलेला छोटा ढालकिडा दिसला तर मारू नका. तो भुरीच खातो. अर्थात त्याच्या भरवशावर फवारणी सोडू नका.

७. कात्री परत कधी उचलायची

शेवटचा पांढरा ठिपका दिसल्याच्या तारखेपासून २१ दिवस, आणि त्या काळात आलेली निदान दोन नवी पानं पूर्ण उघडून स्वच्छ. दोन्ही अटी. वही यासाठीच हवी. मधे एक जरी ठिपका दिसला तर मोजणी पुन्हा एकपासून. माझ्या आईच्या बिगोनियाला पहिल्या फवारणीपासून मोकळीक मिळायला नऊ आठवडे लागले, कारण सहाव्या आठवड्यात खालच्या एका पानाच्या मागे ठिपका निघाला.

कापण्याच्या आदल्या दिवशी भिंग घेऊन पानाच्या मागच्या बाजू, देठ आणि शेंड्याची घडी तपासा. बिगोनियाच्या देठावर भुरी फिकट राखाडी दिसते, नजरेतून सहज सुटते.

८. कटिंगचा डबा

मुळं फुटलेली नसतात तोवर फांदीला दमट हवा लागते. आपण तिला प्लास्टिकच्या डब्यात किंवा पिशवीत झाकतो, म्हणजे भुरीला जे जे आवडतं ते सगळं एका डब्यात भरतो. यातून वाट काढायची ती अशी. आत जाणारी प्रत्येक फांदी स्वच्छ हवी आणि एका डब्यात एकाच झाडाच्या फांद्या, म्हणजे गडबड झाली तर कुणाची ते कळेल. झाकण सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं उघडा. आतून पाणी ओघळत असेल तर कोकोपीट जास्त ओलं आहे. पानं एकमेकांवर चिकटू देऊ नका, मोठं पान असेल तर अर्धं कापा. हळूच ओढल्यावर फांदीने धरून ठेवलं, म्हणजे मुळं आली. मग आठवडाभरात झाकण टप्प्याटप्प्याने काढून टाका. बिगोनिया आणि पुदिना नुसत्या पाण्याच्या ग्लासातही मुळं धरतात, झाकण लागतच नाही. जिथे शक्य तिथे मी आता हाच मार्ग घेते.

डब्यातल्या एका फांदीवर ठिपका आला तर पूर्ण डबा बाद. फार जीव तुटतो, पण बाकीच्यांवर बीजाणू पडलेले असतातच. डबा साबणाने धुऊन, उन्हात सुकवून पुन्हा वापरा.

९. बाहेरून आलेलं रोप

नर्सरीतून, मैत्रिणीकडून, कुरिअरने, कुठूनही आलेलं रोप तीन आठवडे वेगळं. कुरिअरच्या बंद खोक्यात तीन दिवस राहिलेल्या रोपाकडे तर विशेष लक्ष द्या. नर्सरीत असताना त्या पानांवर औषध मारलेलं असू शकतं, त्याचा परिणाम संपल्यावर खरं रूप दिसतं. जागा नसेल तर बाथरूमच्या खिडकीतही चालेल, मात्र दमट बाथरूममध्ये कायमचं ठेवू नका.

१०. ज्यांना आधीच दिलंय त्यांना कळवा

हे टाळावंसं वाटतं. मी चार दिवस टाळलं. मग सगळ्यांना एकच निरोप पाठवला, तो इथे जसाच्या तसा देते, हवा तर उचला:

"संक्रांतीला दिलेल्या बिगोनियाला भुरी नावाचा बुरशीचा रोग असू शकतो. माणसांना आणि प्राण्यांना लागत नाही. पानांवर पांढरी भुकटी दिसते का बघा. दिसली तर रोपावर पिशवी घालून, गच्च बांधून कचऱ्यात टाका, घरात दुसरा बिगोनिया असेल तर तो महिनाभर नजरेखाली ठेवा आणि त्याची फांदी कुणाला देऊ नका. दिसली नाही तरी तीन आठवडे वेगळं ठेवा. ज्यांचं टाकावं लागेल त्यांना पावसाळ्यात नवं रोप मी देईन, या वेळी तपासून."

अकरा जणींचं टाकावं लागलं. ऑगस्टपर्यंत नऊ रोपं देऊन झाली. उरलेल्या दोघींनी सांगितलं, आता स्टीलची वाटी दिलीस तरी चालेल.